मशीन कपडे पिळत नसेल तर आधी पाणी बघा, कार्ड नंतर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नागपूरच्या बेसा भागात चौथ्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर फ्लॅट. पाच वर्षं जुनी फ्रंट लोड मशीन. धुणं होतं, पण शेवटचं स्पिन न करताच थांबते आणि कपडे चिंब निघतात. कधी कधी पाणी भरतानाच अडकते. घरी आलेल्या मेकॅनिकने मशीन न उघडताच 'कार्ड गेलं', म्हणजे मशीन चालवणारा आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेला, म्हणून सांगितलं. शिवाय महाल भागात सासूबाईंकडे सेमी ऑटोमॅटिक आहे, तिचा ड्रायर नुसता गुरगुरतो, फिरत नाही. आणि पावसाळ्यासाठी वेगळा ड्रायर घ्यावा का, हेही विचारलंय.

कार्ड बदलायला आत्ताच हो म्हणू नका. फ्रंट लोडच्या टबापासून एक बारीक नळी वर जाते, तिच्या टोकाला प्रेशर स्विच असतो. टबात पाणी किती आहे हे तो हवेच्या दाबावरून ओळखतो. 'आत अजून पाणी आहे' असं तो सांगत असेल तोवर कार्ड मोटरला जोरात फिरू देत नाही, आणि देऊही नये. आत पाणी असताना ड्रम हजार-बाराशेच्या वेगाने फिरला तर मशीन जागेवर राहणार नाही. त्यामुळे स्पिन नाकारून कार्ड बहुतेक वेळा आपलं कामच करत असतं. अडचण असते ती पाणी बाहेर न जाण्याची, फेसाची, नाहीतर कपडे एका बाजूला गोळा होण्याची. मी पाहिलेल्या 'स्पिन होत नाही' तक्रारींमध्ये कार्ड खरंच गेलेलं असतं ते फार थोड्या ठिकाणी.

सगळ्यात आधी कानाने तपासा. कपडे न टाकता मशीनमध्ये थोडं पाणी भरू द्या, मग फक्त ड्रेन किंवा स्पिन लावा आणि खाली वाकून ऐका. गूं असा आवाज येतोय आणि पाईपातून पाणी धो धो जातंय, तर पंप ठीक आहे, दोष पुढे शोधायचा. आवाज येतोय पण पाणी येत नाही, तर वाट बुजली आहे. खडखड असा आवाज आला तर पंपाच्या पंख्यात काहीतरी कडक वस्तू आहे. काहीच आवाज नाही, तर पंप जळालाय किंवा त्याची वायर तुटली आहे. पावसाळ्यात ही वायर उंदीर कुरतडतात. बऱ्याच मशीन खालून उघड्या असतात आणि आतली जागा त्यांना फार आवडते, म्हणून खाली जाळी लावून घेतलेली बरी.

स्क्रीनवर कोड येत असेल तर तोही बघा. एलजीच्या मशीनवर 'ओई' म्हणजे पाणी बाहेर जात नाही, 'आयई' म्हणजे पाणी आत येत नाही, 'यूई' म्हणजे तोल नाही. सॅमसंगवर निकासासाठी '५सी' किंवा '५ई' आणि पाणी येण्यासाठी '४सी' किंवा '४ई' येतं. बाकी कंपन्यांचे कोड वेगळे, ते सोबतच्या पुस्तिकेत मिळतील. मेकॅनिकला फोन करताना 'मशीन बंद आहे' यापेक्षा कोड सांगितला तर तो योग्य सामान घेऊन येतो, तुमची एक चक्कर वाचते.

आता फिल्टर. समोर खालच्या कोपऱ्यात एक लहान झडप असते, तिच्या आत गोल झाकण. आधी प्लग काढा, नुसतं बटण बंद करून चालणार नाही. गरम पाण्याचं धुणं लावलं असेल तर पाणी निवेपर्यंत थांबा. झाकणाशेजारी बारीक रबरी नळी असेल तर तिचं बूच काढून पाणी परातीत सोडा. नळी नसेल तर झाकण थोडंच उलटं फिरवायचं, पाणी काढायचं, परत बंद करायचं, परात रिकामी करून पुन्हा तेच. पाणी चांगलं बादलीभर निघू शकतं, त्यामुळे जुने टॉवेल जवळ असू द्या. घाई करून झाकण एकदम उघडलं तर पूर्ण खोली पुसावी लागेल.

त्यातून काय निघतं याची यादी नागपुरात ठरलेली आहे: चिल्लर, हेअरपिन, शर्टाची बटणं, पोरांचे कंचे, लोकरीचा आणि केसांचा बोळा. आणि राजेहो, खर्र्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची, पन्नी! ती खिशात राहते, धुण्यात सुटते, आणि पंपाच्या पंख्याला अशी गुंडाळते की पंप फिरायचं सोडून नुसता तापतो. घरात खर्रा खाणारं कुणी असेल तर खिसे तपासायचं काम त्यांनाच द्या, माझा हा सल्ला सगळ्यांना असतो.

फिल्टर बाहेर काढल्यावर त्या भोकात टॉर्च मारून पंखा बघा आणि बोटाने हळू फिरवा. तो सरळ गरकन फिरणार नाही, अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरेल. आत चुंबक असल्याने ते असंच असतं, त्याला बिघाड समजू नका. अजिबात हलत नसेल किंवा एकदम ढिला लागत असेल तर मात्र पंप बदलावा लागेल. फिल्टर जुन्या ब्रशने धुऊन परत घट्ट बसवा. तिरका बसला तर धुणं लावल्यावर समोरून पाणी गळतं आणि मग लोक रबर फाटलं म्हणून घाबरतात.

फिल्टर स्वच्छ असूनही पाणी जात नसेल तर मागचा पाईप बघा. मशीन भिंतीला ढकलताना तो चेपतो. फ्रंट लोडमध्ये पंप पाणी वर ढकलतो, म्हणून पाईपाचं टोक जमिनीपासून साधारण ६० ते १०० सेंटिमीटर उंचीवर अडकवायचं असतं. आपल्याकडे ते सर्रास मोरीच्या जाळीत खाली टाकून देतात. मग होतं असं की पाणी एका बाजूने भरतं आणि सायफनने दुसऱ्या बाजूने आपोआप वाहून जातं. मशीन भरतच राहते, पातळी गाठत नाही, आणि शेवटी 'पाणी येत नाही' म्हणून थांबते. तुमची मशीन भरताना अडकते त्याचं हे एक कारण असू शकतं, म्हणून आजच बघा. उलट भारतात मिळणाऱ्या बऱ्याच फुल ऑटोमॅटिक टॉप लोडमध्ये पंपच नसतो. खालची झडप उघडते आणि पाणी उताराने जातं. तिचा पाईप जमिनीलगतच हवा, उचलून टांगला की पाणी आतच राहतं. शेजारच्या टॉप लोडचं बघून आपल्या फ्रंट लोडचा पाईप बसवला असेल तर गडबड होणारच.

फेसाचं सांगतो. पंप पाणी ढकलू शकतो, फेस नाही. हाताने धुण्याची पावडर फ्रंट लोडमध्ये टाकली की ड्रमभर फेस होतो, मशीन तो विझायची वाट बघत वेळ वाढवत राहते आणि स्पिन टाळते. बेसा, पिपळा, हुडकेश्वर या पट्ट्यात बऱ्याच घरी बोअर आणि नळ असं दोन्ही पाणी असतं, तिथे हा घोळ जास्त. बोअरच्या जड पाण्यात पावडर फेसत नाही, म्हणून सवयीने जास्त टाकली जाते, आणि टाकीत नळाचं पाणी आलं त्या दिवशी तेवढ्याच पावडरीने फेस दारापर्यंत चढतो. फ्रंट लोडसाठी म्हणून मिळणारी कमी फेसाची पावडर किंवा लिक्विडच वापरा, आणि पाकिटावर लिहिलंय तेवढ्यापासून सुरुवात करा. कपड्यांना धुतल्यावरही बुळबुळीत वाटलं तर माप कमी करायचं. आत्ता फेस अडकला असेल तर काही न टाकता नुसतं रिन्स आणि स्पिन लावा.

पाणीही नीट जातंय, फेसही नाही, तरी स्पिन नाही, तर तोल. एकटी सोलापुरी चादर, एकटं ब्लँकेट, एकच मोठा टॉवेल किंवा दोन जीन्स एवढंच टाकलं की ते ओलं वजन एका बाजूला बसतं. मशीन दोन-चारदा कपडे पसरवून बघते आणि जमलं नाही की सोडून देते. लोकांना वाटतं कमी कपडे म्हणजे मशीनला आराम. प्रत्यक्षात अर्ध्याहून थोडा जास्त भरलेला ड्रम सगळ्यात शांत फिरतो. एकच चादर धुवायची असेल तर सोबत दोन-तीन टॉवेल टाका. दुसरं म्हणजे चाकांचा स्टँड. फरशी पुसायला सोपं जातं म्हणून सगळे घेतात, पण फ्रंट लोड त्यावर नाचते. स्टँड काढा, मशीन थेट फरशीवर ठेवा, चारही पाय टेकतात का बघा, समोरासमोरचे दोन कोपरे दाबल्यावर डुगडुगली तर पाय फिरवून उंची जुळवा आणि वरची नट घट्ट आवळा. घर बदललं असेल आणि वाहतुकीसाठी मागचे बोल्ट लावले असतील तर ते काढलेत ना, हेही विचारतो, कारण ते तसेच ठेवून लोक मशीन चालवतात.

स्पिनच्या वेळी विमान उडाल्यासारखा आवाज येत असेल तर गोष्ट वेगळी. प्लग काढून रिकामा ड्रम हाताने फिरवा. आत खरखर जाणवली किंवा ड्रम वर उचलल्यावर टबापासून वेगळा हलला, तर बेअरिंग गेलं. ते घरी करायचं काम नाही, पूर्ण टब उतरवावा लागतो. लवकर केलं तर बेअरिंग आणि सीलवर भागतं, चालढकल केली तर मागचा शाफ्टही जातो. जळका वास आणि ठिणग्या दिसत असतील, आणि मशीन पट्ट्याची व ब्रशवाल्या मोटरची असेल, तर कार्बन ब्रश झिजलेत. स्वस्तातलं काम आहे. इन्व्हर्टर मोटरमध्ये ब्रश नसतातच, तेव्हा तिथे कुणी 'कार्बन बदलले' म्हणून बिल लावलं तर विचारा, कुठले.

पाणी भरताना अडकण्याचं दुसरं कारण तुमच्या मजल्यात आहे. बऱ्याच मशीनच्या पुस्तिकेत किमान ०.३ बार दाब लागतो असं लिहिलेलं असतं. म्हणजे साधारण ३ मीटर पाण्याची उंची. सगळ्यात वरच्या मजल्यावर मशीनच्या नळापासून गच्चीवरच्या टाकीच्या तळापर्यंत उंची मोजा, जेमतेम तेवढीच भरते, आणि त्यातून पाईपाच्या वळणांचा तोटा वजा. टाकी अर्धी झाली की दाब आणखी उतरतो. नळ पूर्ण उघडून १० लिटरची बादली लावा. ती भरायला २ मिनिटांहून जास्त लागत असतील तर मशीनचा दोष नाही. टाकीचा स्टँड उंच करून घ्या किंवा त्या लाइनवर छोटा प्रेशर पंप बसवा. खालच्या मजल्यावरच्यांना हा त्रास नसतो, म्हणून त्यांचं ऐकून आपल्या मशीनला शिव्या देऊ नका.

त्याआधी जाळी मात्र साफ करा. नळ बंद करून मशीनच्या मागचा पाण्याचा पाईप उघडला की तोंडाशी प्लास्टिकची बारीक जाळी दिसते. पक्कडीने तिची मधली कडी धरून सरळ ओढायची, वाहत्या पाण्याखाली ब्रशने घासायची, परत लावायची. उन्हाळ्यात टाकीचा तळ लागला की गाळ थेट इथे येऊन बसतो. परत जोडताना रबरी वॉशर जागेवर आहे का बघा आणि पाईप हातानेच आवळा, पान्याने पिळला की प्लास्टिकचे आटे तुटतात.

बोअरच्या पाण्याने आणखी एक होतं. गरम पाण्याच्या प्रोग्रॅममध्ये हीटरवर पांढरा थर चढतो, मग पाणी तापायला वेळ लागतो आणि एक दिवस हीटर जळतो. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा कंपनीची डिस्केलिंग पावडर, नाहीतर किराण्यात लिंबूसत म्हणून मिळणारं सायट्रिक अ‍ॅसिड साधारण १०० ग्रॅम रिकाम्या ड्रममध्ये टाकून ६० अंशांवर मशीन चालवा. पुस्तिकेत मनाई असेल तर तिचं ऐका. आणि त्याच फेरीत ब्लीच कधीही टाकू नका. अ‍ॅसिड आणि क्लोरीनचं ब्लीच एकत्र आलं की विषारी वायू होतो आणि न्हाणीघर म्हणजे चार बाय सहाची बंद खोली. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी स्वतःच इतकं तापलेलं असतं की 'कोल्ड' लावूनही रंग जातो, म्हणून रंगीत कपडे सकाळीच लावा.

आता वीज. फ्रंट लोडचा हीटर साधारण २००० वॉटचा, म्हणजे जवळपास ९ अ‍ॅम्पिअर. तिला १६ अ‍ॅम्पिअरचा मोठा सॉकेटच हवा. कूलरसाठी ओढलेल्या एक्स्टेंशनवर ती लावली की प्लग वितळतो. मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर वापर लगेच थांबवा. इथल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, अर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा जातो आणि अर्थिंग नावालाच उरतं. खड्ड्यात पाणी ओतल्याने तात्पुरता फरक पडतो, पण इलेक्ट्रिशियनकडून ते मोजून घ्या, आणि मेन बोर्डात ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या.

एवढं सगळं करूनही स्पिन नसेल तर कार्डाचा संशय घ्यायला हरकत नाही, पण पुरावा मागा. ड्रेन चालू असताना पंपाच्या टोकांपर्यंत करंट येतोय आणि पंप फिरत नाही, तर दोष पंपाचा, कार्ड चांगलं. पंप मीटरवर ठीक दाखवतोय पण करंटच येत नाही, तर आधी मधली वायर आणि कनेक्टर, मग कार्ड. प्रेशर स्विचची ती बारीक नळी काढून फुंकून बघायलाही सांगा, तिच्यात मळ साचला तर रिकामा टबही भरलेला 'दिसतो'. हे तपासायला अनुभवी माणसाला फार वेळ लागत नाही. मात्र चालू करंटवरचं हे काम तुम्ही स्वतः करू नका. कार्डावर जळाल्याचा डाग, फुगलेला कपॅसिटर किंवा मेलेली पाल दिसली तर प्रश्न मिटला. बऱ्याचदा कार्ड दुरुस्तही होतं, सीताबर्डीला ते काम करणारे आहेत, तेव्हा नवीन घेण्याआधी तिथे दाखवा. बदललंच तर जुनं कार्ड स्वतःकडे ठेवा.

सासूबाईंच्या सेमीकडे येऊ. झाकण लावून टायमर फिरवल्यावर काहीच आवाज नसता तर मी झाकणाचा स्विच किंवा टायमर म्हटलं असतं. गुरगुर येते म्हणजे मोटरला करंट मिळतोय, पण ती सुटत नाही. कारणं तीन. एक, आतल्या जाळीच्या डब्यात आणि बाहेरच्या टबात रुमाल किंवा मोजा अडकलाय. प्लग काढून टॉर्चने फटीत बघा, सापडला तर वाकवलेल्या तारेने काढता येतो. हा त्रास टाळायला कपड्यांवर ठेवायची ती प्लास्टिकची चकती असते, जी सगळ्यांच्या घरी हरवलेली असते. दोन, ब्रेक. झाकण उघडलं की खाली ब्रेक लागतो, लावलं की तार ब्रेक ओढून सोडवते. तार तुटली किंवा सैल झाली की ब्रेक लागलेलाच राहतो, ड्रायर गुरगुरतो किंवा जळका वास देत रखडत फिरतो. तीन, मोटरला सुटायला जोर देणारा कपॅसिटर. जुन्या मशीनमध्ये मला सगळ्यात जास्त भेटतो तो हाच. तो बदलताना त्यावर लिहिलेला मायक्रोफॅरडचा आकडा तोच घ्यायचा, 'थोडा मोठा टाकतो, जोरात फिरेल' असं कुणी म्हटलं तर ऐकू नका, मोटर जळेल. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये करंट साठलेला राहतो, म्हणून मागचं झाकण काढून बोट घालू नका. गुरगुरणारी मोटर दोन-चार सेकंदांपेक्षा जास्त चालू ठेवू नका, आणि 'हाताने धक्का दिला की सुटतो' हा उद्योग तर बिलकूल नको. सुटला की हात आतच असतो.

महालातल्या जुन्या घरांत आणखी एक बघा: मशीन ओल्या मोरीत आणि प्लग दोन पिनांचा. तीन पिनांचा सॉकेट आणि अर्थिंग आधी, कपॅसिटर नंतर.

ड्रायर घ्यावा का? नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, गच्चीवर चादर अर्ध्या तासात कडक वाळते, त्या गावात वर्षातले दीड-दोन महिने सोडले तर ड्रायर नुसता जागा अडवेल. तान्हं बाळ किंवा आजारी माणूस घरात असेल, बाल्कनी नसेल, तर घ्या. एरवी स्पिन नीट झालं आणि कपडे पंख्याखाली अंतर ठेवून टाकले तर रात्रीत वाळतात. घेतलाच तर लिंटची, म्हणजे कपड्यांचा भुसा अडकणारी, जाळी प्रत्येक वेळी साफ करायची. 'वेळ जास्त लागतो, गरम होत नाही' या तक्रारींचं मूळ बहुतेक तिथेच सापडतं. कंडेन्सरवाला, म्हणजे वाफेचं पाणी करून साठवणारा, असेल तर पाण्याची टाकीही दर वेळी ओता. धुणं आणि सुकवणं एकातच असलेल्या मशीनमध्ये लोक ८ किलो धुतात आणि तेवढंच सुकवायला ठेवतात. तिची सुकवायची क्षमता कमी असते, पुस्तिकेत वेगळा आकडा दिलेला असतो. शिवाय यातल्या बऱ्याच मशीन वाफ थंड करायला सुकवतानाही नळाचं पाणी घेतात. तुमच्यासारख्या कमी दाबाच्या मजल्यावर किंवा नळ बंद केला तर कपडे गरम पण ओलसरच निघतील, म्हणून ही मशीन तुम्हाला मी सुचवणार नाही. आणि बाळाच्या मालिशचे तेलकट दुपटे-टॉवेल कुठल्याच ड्रायरमध्ये टाकू नका. तेल धुऊनही पूर्ण जात नाही, आणि गरम कपड्यांचा ढीग तसाच राहिला तर आतल्या आत तापून पेटू शकतो. ते दोरीवरच वाळवा.